मोकळं अंगण

"आक्का, लुगडं राहिलं!"

शेजारच्या गोदामाच्या लोखंडी जिन्यावरून दीपेश ओरडला. खाली अंगणात आक्काने वर पाहिलं, कपाळावर हात मारून घेतला आणि दोरीवरचं ओलं लुगडं ओढून काखेत घेतलं.

"आनि कोंबऱ्या?"

"कोंबड्या असू दे. त्या हलतात, त्या फोटोत येत नाहीत."

"सुकट?"

"सुपासकट आत ने."

आक्काने सूप उचललं, पायरीवरच्या चपला उचलल्या, पाण्याची कळशी पायाने आत सरकवली. "मी घरान जाते रं," असं ओरडून ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. अंगण मोकळं झालं. दीपेशने लेन्सवर काळी काच चढवली आणि बटण दाबलं.

ही काळी काच म्हणजे दीपेशचं सगळं भांडवल. ती लावली की लेन्स काही मिनिटं उघडी ठेवता येते. ढगांच्या लांब रेघा होतात, खाडीचं पाणी दुधासारखं दिसतं आणि जे जे हलतं ते चित्रातून नाहीसं होतं. कशेळीच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली असली तरी त्याच्या फोटोत रस्ता मोकळा. एरवी कशेळीचा रस्ता मोकळा पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचाय, पण ते असो.

दीपेश फोटोग्राफर आहे हे त्याच्या गावी, खारबावात, सगळ्यांना ठाऊक होतं. तो नेमके कशाचे फोटो काढतो, हे मात्र कुणाच्या पचनी पडत नव्हतं. आगरी माणसाच्या घरात हळद असते तेव्हा रात्रभर डीजे वाजतो, ड्रोन उडतात, फोटोवाल्याला नवऱ्यामुलाच्या मामापेक्षा जास्त मान मिळतो. आणि हा शहाणा हळदीचं काम घेत नाही म्हणे. मुंबईला जाऊन आर्टचा कोर्स करून आला आणि इमारतींचे फोटो काढत बसला. पोटासाठी गोदामं भाड्याने देणाऱ्या दलालांची कामं करायचा: आतून, बाहेरून, शटर उघडं, शटर बंद. उरलेला वेळ त्याच्या स्वतःच्या फोटोंचा. बापाने एकदा विचारलं होतं, "तुज्या फोटोन मानूस कुटं हाय?" पुन्हा मात्र बापाने विचारलं नाही.

एकटी आक्का त्याच्या बाजूने होती. ती त्याची आत्या, पण सगळा गाव आक्का म्हणे म्हणून तोही म्हणे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. कशेळीच्या रस्त्यालगत सासऱ्याने बांधलेलं कौलारू घर, पुढे अंगण, अंगणात एक जांभूळ. आजूबाजूची शेतं एकेक करून विकली गेली आणि तिन्ही बाजूंना निळ्या पत्र्याची गोदामं उभी राहिली. शेजारी म्हणावं असं कुणी उरलं नाही. गोदामाचे वॉचमन होते, ते दर तीन महिन्यांनी बदलायचे. त्या पत्र्यांच्या मधोमध ते इवलंसं घर जिन्यावरून असं काही दिसे, की दीपेशला दुसरं काही काढावंसंच वाटेना. सहा वर्षं तो दर हिवाळ्यात त्या जिन्यावर चढत होता. आणि सहा वर्षं आक्का त्याच्यासाठी अंगण मोकळं करत होती. हे आपल्या दोघांचं काम आहे असं तिला वाटे, आणि ते खरंच होतं.

फोटो झाला की ती चहा करायची आणि कॅमेऱ्याच्या मागे डोळे बारीक करून बघायची.

"माजा घर कवरा छान दिसतं रं! कोन रातच न्हाय असा." आणि खो खो हसायची.

त्या घराचे नऊ फोटो मुंबईच्या गॅलरीत लागले, तेव्हा दीपेश चौतिशीला आला होता. गॅलरीचं सगळं उन्नती बघायची. बाई हुशार, बोलायला गोड, आणि तिच्यामुळेच दीपेशला कुणी कलाकार म्हणायला लागलं, हे कबूल केलंच पाहिजे. मालिकेचं नाव तिनेच सुचवलं: 'रिकामं घर'.

"तिथे माझी आत्या राहते," दीपेश म्हणाला.

"फोटोत राहते का?" उन्नतीने हसून विचारलं.

तोही हसला. मग कॅटलॉगच्या पहिल्या पानासाठी तिने त्याच्याकडून दोन ओळी मागितल्या. त्याने लिहिलं: 'या चित्रांमध्ये मी काही हलवलेलं नाही, काही पुसलेलं नाही. जे होतं ते तसंच घेतलं आहे.' लिहिताना त्याला लुगडं आठवलं. कॉम्प्युटरवर पुसलेली डिशची छत्रीही आठवली. पण सगळेच असं लिहितात, असं म्हणून त्याने ते पाठवून दिलं.

प्रदर्शनाला आक्काही आली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, नथ घालून. एका मोठ्या फोटोपुढे एक बाई डोक्यावर गॉगल चढवून उभी होती. "किती भकास आहे ना," ती सोबतच्या माणसाला म्हणाली. आक्का पुढे झाली. "माजा घर हाय तो. मी रातंय तिथं." बाई तिच्याकडे पाहून, लहान मुलाकडे बघून हसावं तशी गोड हसली आणि पुढच्या फोटोकडे गेली. घरी परतताना गाडीत आक्का म्हणाली, "त्या बाईला काय पटला न्हाय रं."

वर्षभरात आक्काच्या दिराच्या मुलाने, भावेशने, जमीन विकली. घरासकट. सातबाऱ्यावर नाव सासऱ्यानंतर दिराचं लागलं होतं आणि मग भावेशचं. आक्काचं नाव लावायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, तिच्याही नाही. तिने कोर्टात धाव घेतली: मी लग्न होऊन आले तेव्हापासून याच घरात राहते, मला काढता येणार नाही. भावेशचं म्हणणं साधं होतं. काकी भावाकडे खारबावला राहते, घर कैक वर्षं बंद आहे. विजेचं बिल दाखवायचं तर ते मेलेल्या सासऱ्याच्या नावावर, आणि एक पंखा नि दोन दिवे जाळणाऱ्या बाईचं बिल येऊन येणार किती? बंद घराचंच वाटावं एवढं.

एक दिवस भावेश पांढऱ्या गाडीतून खारबावला दीपेशच्या दारात उतरला. हातात पेढे आणि गॅलरीचा कॅटलॉग.

"दादा, मानला तुला," तो म्हणाला. "आपल्या वकिलांनी इंटरनेटवर शोधून काढला ना हा. सहा वर्षांचे फोटो, तारखेसकट. एका पन फोटोत मानूस न्हाय, कपडा न्हाय, चप्पल न्हाय. आनि वर तूच लिवलायस, काही हलवला न्हाय म्हनून."

दीपेशने त्याच्या हातातून कॅटलॉग घेतला आणि पहिलं पान उघडलं. तो खुर्चीत बसला.

"भावेश, तिथे आक्का राहते. तुला माहीत आहे."

"मला काय माहीत हाय ते सोड. तुला साक्षीला बोलावतील. तू फक्त एवढंच बोल, फोटो माझे हायत आनि लिवलंय ते मीच लिवलंय. खोटा बोलायला थोडीच सांगतो?" पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून तो उठला. "आनि काकीची सोय करनार ना आपन. दुश्मन हाय का ती?"

त्याच आठवड्यात उन्नतीचा फोन आला. परदेशातल्या एका संग्रहालयाला सगळी मालिका हवी होती. नऊच्या नऊ. "दीपेश, हे एकदाच होतं आयुष्यात," ती म्हणाली. "त्यांना सगळ्यात काय आवडलंय सांगू? तुझ्या त्या दोन ओळी. हल्ली सगळं बनवलेलं असतं ना."

दीपेशने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण हळदीचे फोटो काढायला हवे होते असं मनापासून वाटलं.

कोर्टात तो पांढरा शर्ट घालून गेला. आक्का मागच्या बाकावर बसली होती, तेच हिरवं लुगडं, पण नथ नव्हती. भावेशच्या वकिलांनी कॅटलॉग पुढे केला.

"फोटो तुमचे?"

"हो."

"हे निवेदन तुमचं?"

"हो. पण ते खरं नाही."

वकिलांनी चष्मा वर केला. दीपेशने सगळं सांगितलं. दोरीवरचं लुगडं, सूप, चपला, कळशी. मी जिन्यावरून ओरडायचो आणि आत्या एकेक वस्तू आत न्यायची, मग स्वतः आत जाऊन दार लावायची. डिशची छत्री मी कॉम्प्युटरवर पुसली. घर रिकामं नव्हतं, मी ते रिकामं केलं. बोलता बोलता त्याचा आवाज चढला आणि जज्जसाहेबांनी हळू बोलायला सांगितलं.

"म्हणजे हे तुम्ही खोटं लिहिलंत," वकील शांतपणे म्हणाले.

"हो."

"लोकांनी ते खरं मानून तुमचे फोटो पाहिले, वाखाणले."

"हो."

"बरं. दावा लावणाऱ्या तुमच्या सख्ख्या आत्या. मग तेव्हा खोटं आणि आज खरं, हे कोर्टाने कशावरून मानायचं?" ते थांबले. "जाऊ द्या. सहा वर्षं तुम्ही तिथे जात होतात. हजारो फोटो काढले असतील. तुमच्या आत्या त्या घरात, त्या अंगणात उभ्या आहेत, असा एक फोटो दाखवा. एकच."

असे फोटो होते. दर वेळी उजेड तपासायला तो काच न लावता आधी एक फोटो घ्यायचा आणि त्यात आक्का असायचीच: लुगडं ओढताना, सूप उचलताना, वर बघून हात हलवताना. काम झालं की तो ते फोटो तिथेच पुसायचा. कार्डात जागा अडते म्हणून.

"नाही," तो म्हणाला.

पुढची तारीख पडली. बाहेर रसवंतीच्या सावलीत आक्का उभी होती. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"एक पन न्हाय रं?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, घरी जेवून जा. सुकट केलंय."

त्या दोन ओळी खोट्या हे कळल्यावर संग्रहालयाने नकार कळवला. उन्नती भांडली नाही, फक्त एवढं म्हणाली, "मला तरी सांगायचंस." एकदा त्याने सांगितलं होतं, आणि दोघंही हसले होते. नऊ फोटो बबलरॅपमध्ये गुंडाळून टेम्पोने परत आले. खारबावच्या घरात एवढी भिंत कुठली? ते कपाटामागे उभे करून ठेवले. गोदामांची कामं चालू होती, आणि यंदा त्याने एक हळद घेतली. लोक म्हणाले, आला ताळ्यावर.

तारखेच्या आदल्या रविवारी तो सकाळी आक्काकडे गेला. कॅमेरा नेला, तरी आताच्या फोटोंचा कोर्टात काही उपयोग नाही हे त्याला माहीत होतं. दावा लागल्यावर काढलेल्या फोटोंना कोण विचारतो? तरी त्याने नेला.

जिन्यावर चढून त्याने खाली पाहिलं. जांभळापासून पडवीपर्यंत, तिथून न्हाणीच्या खांबापर्यंत आक्काने दोऱ्या बांधल्या होत्या. त्यांवर होती नव्हती ती सगळी लुगडी वाळत घातली होती. एकही ओलं नव्हतं. हिरवं, जांभळं, विटकं चौकड्यांचं, नवऱ्याचं जुनं धोतर, आणि अगदी टोकाला कधीच न धुतलेला लग्नाचा शालू. पायरीवर घरातल्या सगळ्या चपला मांडल्या होत्या. तिघाचौघांचं घर वाटत होतं.

वॉचमन खालून म्हणाला, "माताजी रोज डालती हैं, साहब. शाम को उतारती हैं."

आक्काने वर पाहिलं. "एवरी पुरं ना रं?"

"पुरे आक्का," तो म्हणाला.

त्याने ट्रायपॉड लावला. ते दिसताच आक्काने कळशी उचलली आणि सवयीने दाराकडे वळली.

"आक्का, थांब. आत जाऊ नको."

"मी पन फोटोन?"

"तू पण."

ती गोंधळली. कळशी खाली ठेवली, पुन्हा उचलली, मग शालूशेजारी जाऊन उभी राहिली. दीपेशने काळी काच काढून खिशात टाकली.

"हलू नको ना रं मी? हलला का पुसला जातं ना?"

"आता नाही जात," तो म्हणाला, पण कंटेनरच्या हॉर्नमध्ये ते तिला ऐकू गेलं नाही. ती ताठ झाली. खाडीकडून वारा आला, शालू उडाला आणि तिच्या तोंडावर येऊन बसला. तो बाजूला करायला तिने हात उचलला नाही. दीपेश वरून हाका मारत राहिला, आणि ती शालूच्या आड तशीच, जराही न हलता, उभी राहिली.