एकाच पंपाचं पेट्रोल

मी एक जुनी लाल मोटार आहे. लाल म्हणायचं ते जुन्या ओळखीवर, कारण टपावरचा रंग उन्हाने कधीच उडाला आहे आणि उजवा आरसा दोरीने बांधलेला आहे. इंजिन मात्र ठणठणीत आहे, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, म्हाताऱ्या मोटारीचं कौतुक कुणी करत नाही, म्हणून आपलं आपणच करावं लागतं.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांनी मला नवीकोरी आणली, सहा वर्षं वापरली आणि मोठी गाडी घेतल्यावर विकून टाकली. तेव्हा मी फार हिरमुसले होते. मला विकत घेतलं कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या पिराजीआबांनी. ते वारणानगरला एका डेअरीत दूध तपासायचे आणि घरी दोन म्हशी सांभाळायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. आपण मोटार आहोत की जनावर, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

आबांनी मला खरोखरच जनावरासारखं जपलं. रोज सकाळी पुसायचे, पावसाळ्यात गोठ्याशेजारच्या छपरात उभी करायचे. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, गावातले बैल सजले की मलाही हार पडायचा आणि त्या दिवशी पंपावरचं महागडं पेट्रोल दोन लिटर मिळायचं. त्याने माझी ताकद काही वाढायची नाही, पण कौतुक कुणाला आवडत नाही?

त्यांचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. माझ्या टाकीत पेट्रोल पडायचं ते वारणानगरच्या वाटेवरच्या एकाच पंपाचं. कुणी विचारलं तर आबा म्हणायचे, “वैरण बदलली की जनावराचं पोट फुगतंय. गाडीचं काय येगळं असतंय?” म्हशींच्या बाबतीत त्यांचं खरंच होतं. माझ्या बाबतीत नव्हतं, पण मला कोण विचारतो.

नोकरी होती तोवर निभावलं, कारण तो पंप रोजच्या रस्त्यावरच होता. तीन वर्षांपूर्वी आबा निवृत्त झाले, तरी नियम सुटला नाही. काटा तळाला टेकेपर्यंत थांबायचं आणि मग अख्खं कोल्हापूर ओलांडून, वाटेतले डझनभर पंप मागे टाकून तिकडे जायचं. तिथे जाऊनही घालायचं पाच-सहा लिटरच, कारण वैरण ताजी बरी. त्यातलं निम्मं परत येईतो संपून जायचं. माझ्या पोटात काय होत होतं ते मला कळायचं, पण सांगणार कसं?

आबांची एकुलती लेक स्वप्नाली. गाडी शिकली ती माझ्यावरच. आजऱ्याच्या एका काजू कारखान्याने तिला काम देऊ केलं. गावोगावी फिरून काजू पारखायचे आणि खरेदी करायचे. अट एकच होती, गाडी स्वतःची हवी. एक मार्चला रुजू व्हायचं होतं. फेब्रुवारीत ती मला घेऊन कारखाना बघायला गेली. जाताना वाटेतच काटा तळाला टेकला, म्हणून तिने तिथल्या दुसऱ्याच कंपनीच्या पंपावर पेट्रोल घेतलं. खरं सांगते, मला काहीही झालं नाही. इंजिन होतं तसंच चाललं.

घरी आल्यावर तिने लपवलं नाही. “आबा, मी आजऱ्याला गेलतो तवा तिकडंच पेट्रोल घातलंय.” आमच्याकडच्या मुली ‘गेलतो’च म्हणतात. आबांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि मान हलवत घरात गेले.

आठ दिवसांनी, काटा पुन्हा तळाला आल्यावर, आबा मला घेऊन त्यांच्या पंपाकडे निघाले आणि पंचगंगेच्या पुलावर मी बंद पडले. टाकीत अजून दोन लिटर पेट्रोल होतं, तरी इंजिन घेईना. मागून लोक ओरडू लागले, “ओ पावणं, बाजूला घ्या की.” शेवटी ट्रॅक्टरला बांधून मला घरी आणलं. भर गावातून तशी ओढली जाताना मी जमिनीत गडप व्हायला तयार होते.

“दोन तऱ्हेचं पेट्रोल एकात घातलंस,” आबा स्वप्नालीला म्हणाले. “बसली गाडी. आता किल्ली मागायची न्हाय.”

“बेंदराला तुमीच घालताय की दुसरं पेट्रोल.”

“ती पुरणपोळी. वर्षातनं एकदा सोसती जनावराला.”

किल्ली त्यांच्या अंगातल्या कोपरीच्या खिशात गेली. एक तारखेला चार दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वप्नाली येऊन माझ्या स्टेअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिली. मला फार वाईट वाटलं. बंद मी पडले होते आणि बोलणी ती खात होती.

शेवटी आबांच्या पत्नी, धोंडुबाई, बोलल्या. “म्हस आजारी पडली तर डॉक्टर आणतासा, का धार काढणारीला दोष देतासा? बाळासोला बोलवा आधी.”

बाळासो गावातला मेकॅनिक. त्याने माझी मागची सीट उचलली आणि टाकीतली छोटी मोटर बाहेर काढली. हीच मोटर इंजिनाला पेट्रोल पुरवते. ती जळून काळी पडली होती.

“पिराजीमामा, पेट्रोलाचा काय दोष न्हाय,” तो म्हणाला. “दोन कंपन्यांचं साधं पेट्रोल एकात गेलं म्हणून काय बिघडत न्हाय. ही मोटर पेट्रोलात बुडून ऱ्हाती, त्यानंच थंड ऱ्हाती. टाकीत किती असतंय तुमच्या?”

स्वप्नाली तिथेच उभी होती. तिला उत्तर माहीत होतं. तिने आबांकडे पाहिलं.

“तळालाच असतंय,” आबा हळूच म्हणाले.

“मग उपाशीच ठेवलायसा की हिला.”

म्हशींना वैरण टाकल्याशिवाय आबा स्वतः कधी जेवले नाहीत. ते गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी जीव लावला होता, फक्त मला काय हवं ते विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवी मोटर बसली. आबांनी किल्ली स्वप्नालीच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसले. गावापासून जवळचा जो पंप लागला तिथे तिने मला उभी केली. आबांनी पाटी कुठल्या कंपनीची आहे तेही पाहिलं नाही. “टाकी भरा,” ते म्हणाले. पेट्रोल पडत होतं तेव्हा समोर बघतच ते लेकीला म्हणाले, “चूक माझी हुती. उगंच बोललो तुला.”

“व्हय,” स्वप्नाली म्हणाली. मग म्हणाली, “सीट मागं घ्या आबा, गुडघं लागत्यात.”

मित्रांनो, आमची फार हौस करू नका. गाडीच्या पुस्तकात लिहिलं आहे त्या प्रतीचं पेट्रोल, मग ते कुठल्याही पंपाचं असो, आम्हाला चालतं. पेट्रोलच्या गाडीत डिझेल मात्र चुकूनही घालू नका आणि टाकी तळाला जाऊ देऊ नका. गाडी बंद पडली तर माणसाला बोल लावण्याआधी टाकी उघडून बघा. माझी जळलेली मोटर एका दिवसात बदलली. पण आबा त्या दिवशी ‘चूक माझी’ म्हणाले नसते, तर एक मार्चला स्वप्नाली मला घेऊन आजऱ्याला निघाली, ती त्यांच्याशी न बोलताच निघाली असती.