अकरा आणि दहा

हॉस्पिटलात त्याला सगळे गणितवाला म्हणत. पांढऱ्या कोटांच्या गर्दीत चुरगळलेला शर्ट घालून फिरणारा तो एकटाच. काम मात्र नाजूक होतं. नवरा बायकोला किडनी द्यायला तयार असतो, पण रक्त जुळत नाही; दुसऱ्या एखाद्या घरातही तीच रड असते. मग याची किडनी त्या घरात, त्यांची या घरात, अशी अदलाबदल करायची. जोड्या पुष्कळ असल्या की जुळणीचे हजारो मार्ग निघतात. त्यातून जास्तीत जास्त माणसं वाचतील असा मार्ग त्याचा प्रोग्रॅम शोधायचा आणि मोठे डॉक्टर त्यावर सही करायचे.

जुळणीच्या त्या खेपेला त्याची ताईही त्यात होती. दाजी किडनी द्यायला एका पायावर तयार होते, पण रक्तगट आडवा आला होता.

"यावेळी दुसऱ्या कुणाला बसवू का?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"कशाला? मशीनला कुठे नातीगोती असतात," तो म्हणाला.

उत्तर आलं. अकरा जण. ताई त्यात नव्हती.

त्याने ताईला पक्की धरून पुन्हा शोध घेतला. दहा. आपलंच काही चुकलं असेल म्हणून सगळी मांडणी तपासली. चूक नव्हती. ताई आली की तिच्यामुळे आणखी एकाची सोय व्हायची, पण तिला जुळणारी किडनी घेतली की तिकडे तिघांची साखळी तुटायची. दोन आले, तीन गेले. पहिलीच्या पोराला जमेल अशी वजाबाकी तो दुपारभर करत बसला. समोरच्या चहावर साय धरली. शेवटी त्याने अकराचं उत्तर पाठवलं.

ताई डायलिसिसच्या पलंगावर पडून होती. त्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच तिला कळलं.

"नाही ना लागला नंबर?"

"पुढच्या खेपेला लागेल."

"मी येईन असं दुसरं उत्तर होतं का?"

लहानपणापासून तिच्याशी खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. "होतं. एक माणूस कमी वाचत होता."

तिने मशीनमधून फिरणाऱ्या आपल्या रक्ताकडे पाहिलं.

"तो एक कोण आहे?"

"नावं आम्हाला दाखवत नाहीत, ताई. नुसते नोंदणी-क्रमांक असतात; तुझा तेवढा मला ठाऊक."

"निदान चांगला माणूस असू दे," ती म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो निघेपर्यंत ती या कुशीवर वळली नाही.

पुढची खेप तिने पाहिली नाही. डायलिसिसच्या नळीतून जंतुसंसर्ग झाला आणि बघता बघता ती गेली.

दाजी हॉस्पिटलात आले ते थेट त्याच्या टेबलापाशी. "माझं नाव काढून टाक," एवढंच म्हणाले. त्यांच्या देखत त्याने दोघांची नोंद पुसली. दाजींनी कॉम्प्युटरचा पडदा नीट पाहून घेतला आणि ते गेले.

त्या संध्याकाळी आईने त्याला जेवायला वाढलं आणि ती समोर बसली.

"तिने मला सांगितलं होतं. तू ते दुसरं उत्तर दिलं असतंस, तर कुणाला कळलं असतं का रे?"

"नसतं कळलं."

"मग?"

"तिघांचा घास गेला असता, आई."

"तिघांचं मला काय सांगतोस? मला लेक एकच होती."

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. आईने ताट उचललं नाही की जेव म्हणून आग्रहही केला नाही. दुसऱ्या आठवड्यात ती ताईच्या पोरांना सांभाळायला दाजींकडे राहायला गेली.

त्याने नोकरी सोडली नाही. त्या अकरांपैकी दहा जण बरे होऊन घरी गेले. एकाच्या अंगाला नवी किडनी मानवली नाही. तो एक कोण, हे त्याने कुणाला विचारलं नाही.

दर रविवारी तो भाच्यांना भेटायला जातो. दार दाजीच उघडतात. बाजूला होऊन त्याला आत घेतात आणि तो परत जाईपर्यंत मागच्या खोलीत बसून राहतात.