चूक पकडणाऱ्याला गोळी

"आय ईट माय टूथब्रश," असं म्हणून वच्छलाबाईंनी अगदी गंभीर चेहऱ्यानं वर्गाकडे पाहिलं.

वर्ग म्हणजे पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घराचा ओटा. वर पत्रे, खाली सतरंजी आणि सतरंजीवर गल्लीतली दहा-बारा पोरं. सगळ्यांत लहान बन्सी टुणकन उठला.

"चुकलं बाई. ब्रश कुनी खातं का? आय ब्रश माय टीथ."

"तू खात नाहीस? मग तुझा ब्रश असा कुरतडल्यासारखा का दिसतो?"

पोरं खिदळली. बन्सीनं तळहात पुढं केलेलाच होता. बाईंनी बरणीचं झाकण फिरवलं आणि त्या हातावर लिमलेटची एक गोळी ठेवली.

ही बाईंची जुनी रीत. जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांची सगळी नोकरी झाली. इंग्रजी म्हटलं की पोरांच्या जिभेला कुलूप लागतं, हे त्यांनी गावोगाव पाहिलं होतं. जे पोर बाईंची चूक पकडतं, ते स्वतः चुकायला भीत नाही, हेही तिथंच कळलं. म्हणून बाई रोज मुद्दाम चुकायच्या आणि चूक पकडणाऱ्याला गोळी द्यायच्या. निवृत्त झाल्यावर ओट्यावर वर्ग सुरू केला, तेव्हा बरणीही आली.

दुसरा नियम असा, की गाइड आणायचं नाही. गाइडात छंद म्हणून स्टॅम्प गोळा करणं दिलेलं असे. या पोरांपैकी निम्म्यांच्या घरी पोस्टमन फिरकतही नव्हता. "दिवसभर तू काय करतोस, तुला काय आवडतं, तेवढंच सांग. खोटं इंग्रजी मला नको," असं बाई म्हणायच्या. त्यामुळं कुणाचा छंद वडलांची लूना पुसण्याचा होता, कुणाचा लिंबाच्या झाडावर बसून राहण्याचा.

मनकर्णा मात्र काहीच सांगत नसे. पाचवीतली पोर. शाळा शहरात, सिटी बसनं यायची ती तडक ओट्यावर, आणि वर्ग सुटला की घरी. विचारलं तर वेणीचं टोक मुठीत धरून उभी राहायची. बाईंनी कधी घाई केली नाही. घरचं त्यांना माहीत होतं, गल्लीलाच माहीत होतं. वडील फकिरा चिकलठाण्याच्या कंपनीत पाळीनं जायचे. आई आशा दोन वर्षांपूर्वी भांडून निघाली, ती गुलमंडीच्या बाजारात भावाच्या बांगड्यांच्या दुकानात बसू लागली. त्या घरात तिचं नाव काढायचं नाही, पोरीनं तिकडं फिरकायचं नाही, असं फकिरानं बजावलं होतं. पोरीला आजी सांभाळत होती, सारजाबाई.

एकदा रस्त्यात सारजाबाई थांबून म्हणाल्या, "बाई, तुमी शिकवता ते मला काय कळत नाय. पन मनीची येनी लई झ्याक घालता. माझ्याच्यानं असा भांग पडत नाय."

बाईंनी कुणाचीच वेणी घातली नव्हती. त्या नुसतं हसल्या.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरचे लोक ऐकायला यायचे. प्रत्येक पोर आपला दिवस इंग्रजीत सांगायचं आणि ते काय म्हणालं, हे बाई मराठीत सांगायच्या. अशाच एका रविवारच्या आधी, वर्ग सुटून सगळे गेल्यावर मनकर्णा मागं रेंगाळली.

"बाई, मी पन म्हनू का?"

आणि वेणीचं टोक धरून तिनं एका दमात म्हटलं. शाळा सुटली की आय गो टू गुलमंडी. माय मदर सेल्स बँगल्स. शी कोम्ब्ज माय हेअर. आय टेल हर माय लेसन. धिस इज माय हॉबी.

जूनपासून या पोरीनं एक वाक्य पुरं केलं नव्हतं.

"केव्हापासून जातेस?"

"दिवाळीपासून. एक बस सोडते अन् दुसरीनं येते. येनी कुनी घातली म्हनून आजीनं इचारलं, तर तुमचं नाव सांगितलं." तिनं खाली पाहिलं. "तुमी रागावल्या?"

"नाही गं. पण आजी येणार ना रविवारी?"

"व्हय. पन तुमीच म्हनल्या, खरं तेच सांगायचं."

हे रविवारी नको, माझ्यापुरतंच राहू दे, हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं होतं. पुढं कितीदा तरी त्यांनी ते मनात म्हटलं. पण तेव्हा समोर ती पोर उभी होती, पहिल्यांदाच मान वर करून. हिला आता गप्प केलं तर ही कायमची गप्प होईल, असं त्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर असं नितळ इंग्रजी चारचौघांनी ऐकावं, हा मोहही होता.

"गुलमंडी म्हणू नकोस, मार्केट म्हण," त्या म्हणाल्या. "आजीला इंग्रजी कुठं येतं? मी तिला मराठीत दुसरंच सांगेन."

"म्हंजे खोटं?"

"थोडंसं."

मनकर्णा तोंडावर हात धरून हसली. तिला हसताना बाईंनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी ओटा भरला. सारजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या, फकिरा पाळीवर होता. मनकर्णाची वेळ आली. तिनं वेणी खांद्यावरून पुढं घेतली, टोक धरलं आणि न अडखळता सगळं म्हटलं. मदर म्हणताना तिचा आवाज जरा मोठाच झाला.

सारजाबाईंचे डोळे भरून आले. "काय म्हनली वं बाई, आमची मनी?"

"म्हणाली, शाळा सुटली की मी बाजारावरून वर्गाला येते. बाई माझे केस विंचरतात. मी त्यांना धडा म्हणून दाखवते, हाच माझा छंद."

"अगं माय, किती गुनाचं लेकरू," सारजाबाई शेजारणीला म्हणाल्या.

तेवढ्यात बन्सी उठला.

"चुकलं बाई. टीचर नाय म्हनली ती, मदर म्हनली. मदर म्हंजे आई. आई बांगड्या इकते अन् हिचे केस इंचरते, असं हाय ते."

आणि त्यानं तळहात पुढं केला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंची एवढी मोठी चूक आजवर कुणी पकडली नव्हती. नाही रे, तुझंच चुकलं, एवढं म्हणायला बाईंना एक क्षण पुरला असता. पण बन्सीचं बरोबर होतं. मदर म्हणजे आई, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. इंग्रजी ही जणू आपली न् मनकर्णाची बंद खोली आहे, असं त्या धरून चालल्या होत्या आणि तिची किल्ली तर त्यांनीच रोज या सगळ्यांच्या हातात दिली होती. हा विचार पुरा व्हायच्या आत, इतक्या वर्षांच्या सवयीनं, त्यांचा हात बरणीकडे गेला. झाकण फिरलं. गोळी बन्सीच्या हातावर पडली.

ती गोळी पाहूनच सारजाबाईंना सगळं समजलं.

त्या उठल्या, नातीजवळ आल्या आणि तिच्या भांगावरून बोट फिरवलं. "आशाच्या हातचाच हाय. मला वळखाया पायजे व्हता," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग बाईंकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "बाई, तुमाला ठावं व्हतं. मी गल्लीभर सांगत फिरले, आमच्या पोरीची येनी बाई घालतात म्हनून."

पोरीचा हात धरून त्या पायऱ्या उतरल्या. मनकर्णानं मागं वळून पाहिलं ते बन्सीकडे नाही, बाईंकडे.

दुसऱ्या दिवसापासून आजी शाळेच्या फाटकापाशी उभी राहू लागली, असं कानावर आलं. त्याच आठवड्यात बाई बस धरून गुलमंडीला गेल्या. बांगड्यांचं दुकान दिसलं. शाळा सुटायची वेळ होती. आत आशा एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत होती आणि मधूनमधून रस्त्याच्या वळणाकडे बघत होती. काचेच्या पेटीवर कंगवा होता, शेजारी तेलाची बाटली आणि गुंडाळून ठेवलेली लाल रिबीन. समोरच्या कापडदुकानापाशी बाई थांबल्या. जाऊन सांगायचं एवढंच होतं, की आता ती यायची नाही. गिऱ्हाईक गेलं, आशानं कंगवा पदराला पुसला आणि पुन्हा पेटीवर ठेवला. बाईंना रस्ता ओलांडवला नाही. आलेल्या बसनं त्या परत आल्या.

पंधरवड्यानं सारजाबाई स्वतःच मनकर्णाला घेऊन ओट्यावर आल्या.

"शिकू द्या तिला," त्या म्हणाल्या. "तिचा बाप नको म्हनत व्हता. पन आमी काय लेकराचे वैरी नाय."

मनकर्णाचे केस कानापर्यंत कापलेले होते.

"उन्हाळा येतोय," सारजाबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. "इंचरायची कटकटच नको."

त्या पायरीवर बसून राहिल्या. बाईंनी वर्ग सुरू केला. एकेक जण उठत गेला. मनकर्णाला विचारायचं नाही, असं बाईंनी ठरवलं होतं, पण तिची पाळी आल्यावर ती आपणच उभी राहिली.

"माय हॉबी इज कलेक्टिंग स्टॅम्प्स," ती म्हणाली. "आय हॅव मेनी स्टॅम्प्स. आय लाइक देम व्हेरी मच."

गाइडातलं होतं. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

बन्सीनं चमकून तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्याचा हात अर्धवट वर आला. "बाई, हे तर..."

"बरोबर आहे रे," वच्छलाबाई म्हणाल्या. "बस खाली."

बरणी त्यांच्याजवळच होती. त्यांनी तिला हात लावला नाही. मनकर्णा अजून उभीच होती. तिचा हात सवयीनं खांद्यावर गेला, तिथं काही सापडलं नाही, आणि मग तो सावकाश खाली आला.