अकरा फाइली

चंदनच्या लॅपटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये अकरा कूटबद्ध ध्वनिफाइली, पायथन या संगणकभाषेतल्या दोन लहान स्क्रिप्ट आणि एक सार्वजनिक किल्ली होती. बाकी काही नव्हतं.

चंदन माझा धाकटा भाऊ. समाजकार्याच्या प्रबंधासाठी तो ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बायांच्या मुलाखती घेत होता. त्या मुकादमांची नावं घेऊन बोलत, म्हणून रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणाच्या कानी पडणार नाही, असा शब्द त्याने त्यांना दिला होता. फाल्गुनात शहाद्याहून रनाळ्याला येताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. मोबाइलचाही चुरा झाला. माझ्या फोनवर त्याचे पुष्कळ निरोप आहेत, पण सगळे टाईप केलेले.

दिवाळीला मी घरी गेले तेव्हा मायने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. या पेटीत तो बोलत असायचा, हे तिने पाहिलं होतं. "चेतू, त्याना आवाज काढी दे. एकदाव."

माझं काम नंदुरबारला मिरचीच्या कारखान्यात पुडीचा रंग मोजण्याचं. कूटलेखनातलं मला काही येत नव्हतं, पण स्क्रिप्ट वाचता येत होती. मुलाखतीच्या सुरुवातीला तो स्वतःच तारीख आणि गाव सांगत असणार. बायांचं बोलणं ऐकायचं नाही, तेवढाच तुकडा कापून मायला द्यायचा, असं मी ठरवलं.

नव्या स्क्रिप्टमध्ये सगळं नीटनेटकं होतं. कूटलेखनाचं सॉफ्टवेअर ज्या लायब्ररीमार्फत, म्हणजे तयार कोडच्या संचामार्फत, चालायचं, तिला त्याने ओळीओळीने पर्याय दिले होते: कोणत्या किल्लीने बंद करायचं, मूळ फाइल पुसायची की नाही, गुप्त किल्ली कुठे शोधायची. सार्वजनिक किल्लीने फाइल फक्त बंद होते. उघडायला गुप्त किल्लीच लागते. ती लॅपटॉपवर ठेवायची नाही, असं त्याने ठरवलेलं दिसत होतं, कारण तिचा पत्ता एका पेनड्राइव्हचा होता.

मी त्याची बॅग पाहिली, कपाट पाहिलं, मोटरसायकलची डिकी पाहिली. मग मायला विचारलं, नखाएवढी धातूची पट्टी कुठे दिसली होती का.

माय लसूण सोलत होती. तिला लगेच आठवलं. त्याच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात, तांब्याच्या ताइताशेजारी तशी पट्टी होती. हे काय, असं तिने एकदा विचारलं, तेव्हा हाही ताईतच, माझी राखण करतो, असं म्हणून तो हसला होता. दवाखान्यातून त्याला आणल्यावर तो दोरा तिनेच गळ्यातून सोडवला. तापीकाठी प्रकाशा गावी अस्थी सोडताना नथ्थूकाकांनी कलश रिकामा केला आणि तिने दोरा ओंजळीत धरून पाण्यात सोडला.

"त्याना आंगवरलं व्हतं, घरमा कसं ठेवसू?" ती म्हणाली. मग तिचे हात थांबले. "कामनं व्हतं का ते?"

"नही माय. ताईतच व्हता."

ती पुन्हा लसूण सोलू लागली.

मी जुनी स्क्रिप्ट उघडली. ती त्याने शिकताना लिहिलेली होती. तिच्यात किल्लीचा पर्याय बंद ठेवून फक्त पासवर्ड वापरला होता, आणि सरावच असल्यामुळे तो पासवर्ड तिथेच लिहिलेला होता. अकरांतली सर्वांत जुनी फाइल याच स्क्रिप्टची होती, बाकीच्या दहा किल्लीने बंद केलेल्या. पहिल्यांदा चालवली तेव्हा सॉफ्टवेअर पासवर्ड विचारणारी खिडकी उघडायला गेलं आणि अडकलं. खिडकी न उघडता पासवर्ड कोडमधूनच घे, असा एक पर्याय असतो. तो शोधून जोडला. फाइल उघडली.

इयरफोनचा एक बोंडा मायच्या कानात, एक माझ्या.

पंख्याची घरघर. माइकवर बोट आपटल्याचा आवाज. मग दुसऱ्या खोलीतून मायची हाक, चंदन, जेवाले ये. आणि अगदी जवळून, थोडा वैतागून तो:

"येस माय."

मायने बोंडा कानात बोटाने दाबून धरला. मी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.

"हाऊ मन्हा आवाज शे," ती म्हणाली. "मीच त्याले बलाई ऱ्हायनू." मग तिने विचारलं, "बाकीन्यामा काय शे?"

"बाकीन्या कोऱ्या शेतस."

तिने मान हलवली. मला वाटतं, तिने ते खरं मानलं. अंगणात जाऊन तिने हात धुतले आणि परत येऊन बोंडा पुन्हा कानात घातला.

तिचं ऐकून झाल्यावर मी फाइल मोजली. एकूण लांबी नऊ सेकंद. त्यात चंदनचा आवाज शून्य पूर्णांक आठ सेकंद. उरलेल्या दहा फाइली उघडल्या नाहीत.