इस्त्री केलेली जबानी

“काका, इथं तुम्ही पाणी प्यायला उठला होतात,” टायपिस्ट म्हणाली आणि तिनं चार वर्षांपूर्वी टाइप केलेल्या पानाच्या मधोमध बोट ठेवलं. “मला पक्कं आठवतंय. उठलात, पाणी प्यालात, परत येऊन बसलात आणि वहीची दोन पानं एकदम उलटलीत.”

इस्त्रीवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. पान काही बदललं नाही.

कोर्टात त्यांना सगळे इस्त्रीवाले म्हणत. खरं तर ते स्टेनो. साक्षीदार बोलतो ते भराभर शॉर्टहँडच्या वहीत उतरवायचं आणि दुपारी ती वही वाचून टायपिस्टला सांगायचं, ती टाइप करणार, अशी त्यांची एकतीस वर्षांची नोकरी. आता साक्षीदार कसे बोलतात हे काय सांगावं! अर्धं वाक्य गिळतात, एकच गोष्ट चारदा सांगतात, मध्येच रडतात, मध्येच शेजाऱ्याच्या कुत्र्यावर घसरतात. पण इस्त्रीवाल्यांच्या हाताखालून गेलेली जबानी कशी, कडक घडीची! एक सुरकुती सापडायची नाही. एका जुन्या न्यायाधीशांनी कौतुकानं हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते एखादं पदक छातीवर लावावं तसं मिरवलं.

“दोन पानं उलटली असतील चुकून,” ते म्हणाले.

“चुकून?” टायपिस्टनं त्यांच्याकडे बघितलं. चार वर्षांपूर्वी ती नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते, मान वर करून बोलत नसे. आता एका मुलाची आई होती आणि कुणाचं ऐकून घेत नसे. “तुमच्या हातून? बरं, तुम्ही म्हणाल तसं.”

चार वर्षांपूर्वीचा तो खटला अख्ख्या शहरानं चघळला होता. एका बड्या असामीचा बंगला. परगावच्या मुलींना नोकरीचं सांगून तिथं आणायचं आणि मग पाहुण्यांच्या पुढ्यात घालायचं, असा वर्षानुवर्षांचा उद्योग. पुराव्याचे एक्केचाळीस खोके रेकॉर्ड रूममध्ये छतापर्यंत रचले होते. फोनच्या याद्या, फोटो, पाहुण्यांच्या वह्या, मुलींकडून काढून घेतलेली ओळखपत्रं. त्या असामीला शिक्षा झाली, आणि बंगल्याचा कारभार बघणाऱ्या बाईंनाही झाली. आता त्या बाईंनी वरच्या कोर्टात अपील केलं होतं. त्यांच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं. माझ्या अशिलानं कुणाला कोंडलं, असं एक्केचाळीस खोक्यांत कुठं लिहिलंय ते दाखवा. साक्षीदार क्रमांक चार आज म्हणते, बाहेरून कडी बाईंनी लावली. मग तिच्या स्वतःच्या सहीच्या जबानीत फक्त ‘दार बंद होते’ एवढंच कसं? म्हणजे ही मुलगी खोटं बोलतेय, हिला कुणीतरी पढवलंय. परवाच्या पेपरात तेवढंच ठळक आलं होतं, ‘साक्षीदार चार खोटी?’

आणि आज वरच्या कोर्टाचं पत्र आलं होतं. त्या दिवशीची मूळ शॉर्टहँडची वही उपलब्ध आहे काय, सोमवारपर्यंत कळवावे.

वही उपलब्ध होती. इस्त्रीवाल्यांच्या मागच्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात. आणि त्यांना न उघडताही माहीत होतं, त्या दोन पानांत काय आहे ते.

ती मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती. पिंजऱ्यात उभी राहून ती सगळं बोलली, आडपडदा न ठेवता. त्या बड्या असामीनं काय केलं, काय करायला लावलं, कुठली शिवी दिली. वकिलानं “म्हणजे नेमकं काय?” असं तीनदा विचारलं आणि तिनं तीनदा सांगितलं. इस्त्रीवाल्यांची पेन्सिल सगळं उतरवत गेली, हाताला सवयच होती. पण दुपारी ही वही उघडून शेजारी बसलेल्या त्या नव्या, कोवळ्या टायपिस्टला मोठ्यानं सांगायची वेळ आली, आणि त्यांची जीभ रेटेना. हे शब्द आपल्या तोंडून? आणि या पोरीपुढं? ते उठले, पाणी प्याले, परत आले, आणि म्हणाले, “हं, लिही. ‘त्यानंतर माझ्यावर अत्याचार झाला. दार बंद होते.’ पुढचा परिच्छेद.”

झालं. दोन पानांची दोन वाक्यं झाली. आणि कडीचं वाक्य नेमकं त्या घाणीच्या मधोमध होतं, कारण बाईंनी बाहेरून कडी घातली तेव्हा दाराआडून जे काही त्या बोलल्या तेही सांगण्यासारखं नव्हतं. घाणीबरोबर कडीही गेली.

वाईट वाटणं तर दूरच, त्या दिवशी त्यांना उलट बरं वाटलं होतं! एका मुलीची अब्रू आपण झाकली, असं मनाशी म्हणत ते घरी गेले आणि छान झोपले. हे आठवलं की आता त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होई.

दुपारी हेडक्लार्क स्वतः चहा घेऊन आला. माणूस मनानं चांगला, फक्त त्याला कुठलंही प्रकरण फुगलेलं आवडत नसे.

“इस्त्रीवाले, पत्राचं काय करायचं?”

“बघतोय.”

“बघायचं काय त्यात? नियम काय सांगतो? तीन वर्षांनी वह्या नष्ट करायच्या. झाली चार. ‘नियमानुसार नष्ट केली’ एवढं लिहायचं आणि मोकळं व्हायचं.”

“नष्ट केलेली नाही पण.”

“मग करा ना! मी काय तुम्हाला कपाट उघडून दाखवा म्हणतोय?” हेडक्लार्कनं आवाज खाली आणला. “वीस दिवस राहिलेत तुमचे. निरोप समारंभाचं मानपत्र मीच लिहिलंय. ‘एकतीस वर्षांत एका शब्दाची चूक नाही.’ आता ते मी खोडू का? आणि खुळ्यासारखं वर जाऊन सांगणार काय, मला लाज वाटली म्हणून गाळलं? हसतील हो लोक.”

इस्त्रीवाल्यांनी चहा घेतला. त्यात साखर होती की नव्हती, हेही त्यांना कळलं नाही. हेडक्लार्कचं बोलणं पटत होतं, वाईट होतं ते तेच. शिवाय ती वही त्यांच्याशिवाय कुणाला वाचता येणार नव्हती. प्रत्येक स्टेनोच्या आपापल्या खुणा असतात. ते गप्प बसले की वहीही गप्प.

घरी बायको वाळलेले कपडे घडी करत बसली होती. ते तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. म्हणजे, सगळं नाही.

“काय होतं एवढं त्या पानांत?” तिनं विचारलं.

“ते... नाही सांगता येत.”

“अहो, तीस वर्षं संसार केलाय आपण. दोन बाळंतपणं झाली माझी. मला काय माहीत नाही जगात?”

“तोंडातून निघत नाही गं.”

तिनं एक टॉवेल घडी केला, मोडला, पुन्हा घडी केला.

“मग त्या मुलीच्या तोंडातून कसं निघालं?”

“उभी होती. समोर वकील, पोलिस, तो माणूस स्वतः. सगळे होते.”

“आणि तुमच्यासमोर एक टायपिस्ट होती,” बायको म्हणाली. तिनं ते चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बोलून गेली आणि कपड्यांचा गठ्ठा उचलून आत गेली.

सोमवारी इस्त्रीवाल्यांनी पत्राच्या उत्तरात लिहिलं, ‘वही उपलब्ध आहे. टंकलिखित जबानीत वहीतील मजकूर गाळला गेला आहे. गाळणारा मी.’ एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या वाक्याला घडी पडली नव्हती. हेडक्लार्कनं ते वाचून कपाळावर हात मारला, पण शिक्का मारून दिला.

आठवड्याभरानं एका लहान खोलीत, दारं बंद करून, वही वाचायचं ठरलं. वरच्या कोर्टानं नेमलेल्या न्यायाधीशबाई, दोन्ही बाजूंचे वकील, मशीनपाशी टायपिस्ट. आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर साक्षीदार क्रमांक चार. वाचलेलं ते आपलंच बोलणं का, हे तिनं सांगायचं होतं. इस्त्रीवाल्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. पण दिसलंच. बारीक झाली होती, केस कापले होते, मांडीवर पिशवी घट्ट धरली होती.

“वाचा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

त्यांनी सुरुवात केली. पहिल्या चार ओळी बऱ्या गेल्या. पाचव्या ओळीत तो पहिला शब्द आला. ते तिथंच अडले. साठीला आलेला माणूस, पण शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखी गत झाली. अपील केलेल्या बाईंचा वकील खुर्चीत मागं रेलून बसला होता, त्याच्या ओठांवर बारीकसं हसू आलं.

“पाणी हवंय का?” न्यायाधीशबाईंनी विचारलं. “नाहीतर असं करा. एवढे शब्द कागदावर लिहून द्या, मोठ्यानं वाचायची गरज नाही.”

इस्त्रीवाल्यांना केवढं हायसं वाटलं! त्यांचा हात पेनाकडे गेलासुद्धा.

“मी मोठ्यानं बोलले होते,” भिंतीकडून आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. “त्यांना वाचू द्या.”

टायपिस्टनं मशीनवरचे हात उचलले नाहीत. ती म्हणाली, “वाचा काका. माझं काय अडत नाही. त्या वेळी मी रोज बसनं यायचे. याच्यातलं निम्मं फुकट ऐकून यायचे.”

न्यायाधीशबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले.

इस्त्रीवाल्यांनी पेन खाली ठेवलं आणि वाचलं. तो शब्द वाचला, त्याच्या पुढचा वाचला. ती शिवी वाचली. अंगाच्या कुठल्या भागाचं तिनं काय नाव घेतलं होतं, ते तसंच घेतलं. आवाज फाटत होता, मध्ये एकदा तर कुजबुजण्यावर आला, तेव्हा वकील म्हणाला, “ऐकू येत नाही,” आणि त्यांनी ती ओळ पुन्हा मोठ्यानं वाचली. मग आलं ते वाक्य. “‘दार लोटलं आणि बाहेरून कडी वाजली. बाईंच्या बांगड्या वाजल्या. बाई बाहेरून म्हणाल्या...’” बाई काय म्हणाल्या तेही त्यांनी वाचलं. वकिलाच्या ओठांवरचं हसू केव्हाच गेलं होतं.

दोन पानं संपायला वीस मिनिटं लागली. न्यायाधीशबाईंनी मुलीला विचारलं, “हेच बोलला होतात?”

“हो.”

“तुमचं काही म्हणणं?” त्यांनी इस्त्रीवाल्यांना विचारलं.

त्यांनी खूप काही ठरवून ठेवलं होतं. इतक्या वर्षांची सेवा, चांगला हेतू, मुलीची अब्रू. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

“मला लाज वाटली,” ते म्हणाले. “म्हणून गाळलं.”

कुणी हसलं नाही.

बाहेर व्हरांड्यात बाकावर ती एकटीच बसली होती, वकिलाची वाट बघत. इस्त्रीवाले तिथवर गेले आणि उभे राहिले. 

“बाई, माझ्यामुळं तुम्हाला पेपरात...” त्यांना पुढचं जमलं नाही. “माफ करा.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही मला पानं दिलीत. म्हणालात, वाचून सही करा.”

“हो. तुम्ही वाचली नाहीत.”

“नाही वाचली. मी म्हटलं, तुम्ही लिहिलंय ना, मग बरोबरच असेल.” तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मी बोलत होते तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. कसं बघत होते, तुम्हाला माहितीय. तुम्ही एकटेच मान खाली घालून लिहीत होतात. मला तेवढाच आधार वाटायचा. म्हटलं, एक तरी माणूस सगळं लिहून घेतोय.”

  वकील आला, ती उठली आणि निघून गेली. माफ केलं की नाही, हे ती बोललीच नाही, आणि त्यांचीही पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

ते खोलीत परत आले. सगळे गेले होते. टायपिस्ट एकटीच पानं चाळत होती. ते तिच्या शेजारी बसले, वही उघडली आणि एकेक ओळ ताडून बघू लागले. वाक्यं अर्धवट होती, एकमेकांवर पडलेली. मध्ये मध्ये ‘साक्षीदार रडते’, ‘साक्षीदार थांबते’ होतं. एकही ओळ सरळ नव्हती.

“काका, इथं बघा,” टायपिस्ट म्हणाली. “‘मी दार वाजवलं, दार वाजवलं, दार वाजवलं.’ तीनदा आलंय. एकदाच ठेवायचं?”

त्यांनी वहीत बघितलं. त्यांच्याच हाताच्या तीन खुणा, तिसरी थोडी वाकडी.

“तीनदा,” इस्त्रीवाले म्हणाले.