सिल्व्हर वेदरची दुसरी बाजू

माझा नवरा क्लाइव्ह ताल पळवायचा. ही काही त्याच्या माघारी केलेली चहाडी नव्हे. सगळ्या डडली गावाला ते ठाऊक आहे. ‘कोल्ड फर्नेस’ नावाच्या रॉक बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा, आणि गाणं कोरसकडे वळलं की घराचा वास लागलेल्या घोड्यासारखा सुटायचा. बाकीचे तिघे धापा टाकत मागून. लग्नाच्या दिवशी चर्चमधून बाहेर पडतानासुद्धा हा गडी माझ्या पुढे निघून गेला होता.

तो जाऊन तीन वर्षं झाल्यावर मला ‘कॉपर केटल’ पबमधून बोलावणं आलं. तिथल्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा रेकॉर्डवेडे जमतात. बहुतेकांची टकलं चकाकतात आणि पोटावर विशीतले टी-शर्ट ताणलेले असतात. दोन काळांतल्या दोन रेकॉर्डी घ्यायच्या आणि कोंबड्यांसारख्या झुंजवायच्या, हा त्यांचा उद्योग. एका बैठकीला दोन्हींची पहिली बाजू, पुढच्या बैठकीला दुसरी, मग मतदान. सुई टेकली की कुणी चकार शब्द काढायचा नाही. मत द्यायचं ते बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याने: चित्र वर ठेवलं तर जुनी रेकॉर्ड, पालथं घातलं तर नवी.

या खेपेला झुंज आमच्या घरातलीच होती. एकाहत्तर सालची ‘स्लॅग हिल’ आणि सत्त्याऐंशी सालची ‘सिल्व्हर वेदर’, दोन्ही कोल्ड फर्नेसच्या.

‘स्लॅग हिल’ची पहिली बाजू वाजली तेव्हा मी रुमाल काढला, हे कबूल करते. कोरस आला आणि क्लाइव्ह सुटला. मनात म्हटलं, अरे हळू, मेल्या. मग ‘सिल्व्हर वेदर’ लागली. चकचकीत आवाज, आणि खालून ड्रम टक, टक, टक, भिंतीवरच्या घड्याळासारखे. कोरस आला नि गेला, कुणी पळालं नाही.

बाजू संपल्यावर रसेल बेडोज उठला. हा निवृत्त बसचालक क्लबचा म्होरक्या आहे आणि त्याला गप्प बसता येत नाही.

“आता खरं बोलायचं झालं तर,” तो म्हणाला, “हे ड्रम क्लाइव्हचे नाहीतच. हवं तर पैज लावा.”

“रसेल, बाई बसल्यात समोर,” कोणीतरी दटावलं.

“मिसेस पार्जेटर, राग मानू नका. पण तुमचा माणूस असा सरळ कधी चालला होता का?”

“पबमधून येताना तर कधीच नाही,” मी म्हटलं. सगळे हसले, मीही हसले. पण आत पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

घरी जायला बसमध्ये बसले आणि तो सत्त्याऐंशीचा शरद ऋतू आठवायला लागला. क्लाइव्ह रोज सकाळी सँडविचचा डबा घेऊन बर्मिंगहॅमच्या स्टुडिओत जायचा, संध्याकाळी परत यायचा. त्याचे शर्ट मी धुवायची. ड्रम वाजवून आलेल्या माणसाचा शर्ट पिळला तर बादली भरते. ते काही आठवडे मात्र त्याचे शर्ट कोरडे होते. इस्त्री मोडली नव्हती, म्हणा ना. तेव्हा मला वाटलं होतं, चला, स्टुडिओत पंखा चांगला असेल. आणि फुलं! आयुष्यात कधी गवताची काडी न आणलेला हा माणूस त्या दिवसांत शेवंतीचे जुडगे घेऊन यायचा. बायकोला उगाच फुलं आणणारा नवरा म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, हे माझ्या आईने मला शिकवलं होतं. ते मी तेव्हा विसरले कशी?

त्यात आणखी एक भर. रेकॉर्ड घरी आली तेव्हा मी ती लावायची, पण दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं क्लाइव्हने मला कधी ऐकू दिलं नाही. तो उठायचा, सुई उचलायचा आणि म्हणायचा, “पुरे झालं. चहा टाकतो.” काय असेल त्या गाण्यात? कुणाचं नाव? ड्रम त्याने वाजवले नव्हते, तर तो रोज जात कुठे होता? आणि कुणाकडे?

तीन वर्षं मी ज्या माणसासाठी रडले, तो माझाच होता की नव्हता, एवढंच मला कळायला हवं होतं.

बँडमधला एकच माणूस आता हयात आहे, बेस गिटार वाजवणारा रॉन टिबेट्स. जवळच्या सेजली गावात त्याची कबुतरं आहेत. मी गेले तेव्हा तो खुराडं खरवडत होता.

“ये पोरी,” तो म्हणाला. मी सत्तरी ओलांडली तरी त्याच्या लेखी पोरगीच. “चेहरा का असा?”

“सिल्व्हर वेदरचे ड्रम कुणी वाजवले, रॉन?”

खरवडणी थांबली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या क्षणी डोळ्यांनी पाहिलं.

“कव्हरवर नाव आहे की.”

“नाव मलाही वाचता येतं. माणूस विचारतेय.”

त्याने एक कबुतर उचललं, उगाचच त्याचा पंख उलगडून पाहिला. “यंत्राने,” तो शेवटी म्हणाला. “लंडनहून एक शहाणा आला होता रेकॉर्ड करायला. पहिल्याच सकाळी म्हणाला, याचा ताल पळतो, हल्ली हे चालत नाही. ड्रमचं यंत्र आणून ठेवलं. कंपनीला मात्र कव्हरवर चौघेही हवे होते.”

“आणि क्लाइव्ह?”

“तो यायचा ना रोज. चहाच्या खोलीत बसायचा. आमच्यासाठी चहा करायचा.”

“रोज? नुसता चहा करायला?”

“घरी राहिला असता तर तुला कळलं असतं. त्याने आम्हाला शपथ घातली होती, नोरीनला सांगायचं नाही म्हणून.”

“वा! छान रचलंस. तुम्ही चौघे एका माळेचे मणी. एकाने शेण खाल्लं की दुसऱ्याने तोंड पुसायचं. कोण होती ती, रॉन?”

“कोणी नव्हती गं!”

“मग फुलं कशाला आणायचा?”

“ते मला काय ठाऊक? मी काय फुलवाला आहे?” तो चिडला. मग आवाज उतरवून म्हणाला, “तुझा विश्वास बसणार नसेल तर त्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं ऐक, अगदी शेवटपर्यंत. चहाच्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं. त्यामुळे रेकॉर्डमध्ये जे आलं ते आम्ही तसंच ठेवायला लावलं. त्यावरून त्या शहाण्याशी भांडलो होतो.”

मी निरोप न घेता निघाले. मेलेल्या दोस्ताला झाकायला माणूस काय काय रचतो, याचं मला नवल वाटत होतं. घरी आल्यावर मी रेकॉर्ड कपाटातून काढली आणि परत ठेवली. एकटीने ऐकायचा धीर झाला नाही. गाण्यात काहीच नसेल तर रॉन खोटा, आणि रॉन खोटा तर क्लाइव्हही खोटा.

पुढच्या बैठकीला मी सगळ्यात आधी पोचले. ‘स्लॅग हिल’ची दुसरी बाजू वाजली, टाळ्या पडल्या. मग ‘सिल्व्हर वेदर’ची. शेवटच्या गाण्याआधी सुई पुढच्या खोबणीत शिरायच्या बेतात असताना रसेलने नियम मोडून कुजबुज केली, “आता नीट ऐका, शेवटी एक घंटी आहे. मी म्हणतो ट्रँगल, हा आपला बॅरी म्हणतो घुंगरू. वीस वर्षं वाद चाललाय आमचा.”

“गप,” मी म्हटलं.

गाणं संथ होतं. यंत्र चाललं होतं, टक, टक. मग गिटार विरल्या, यंत्रही थांबलं, आणि दुरून, दुसऱ्या खोलीतून, ती घंटी आली. किण, किण, किण. सुरुवातीला सावकाश. मग थोडी भराभर. मग आणखी भराभर, जणू पुढे कोरस आहे आणि तिथे आधी पोचायचंय.

मी टेबल धरलं. जाड कपात चमचा फिरत होता. आमच्या स्वयंपाकघरात जन्मभर ऐकलेला तो आवाज मी ओळखणार नाही? साखर केव्हाच विरघळलेली असायची तरी हा ढवळत सुटायचा, आणि मी ओरडायची, अरे, कप फोडशील! मग तो चमचा कपाच्या काठावर दोनदा आपटायचा आणि हाक मारायचा, “नोरीन, झाला गं!”

किणकिण धावत धावत टोकाला आली. थांबली. काठावर टक, टक.

मी हाकेची वाट पाहिली. खरंच पाहिली, वेड्यासारखी. पुढे नुसती खरखर होती. जिला हाक मारायची ती मी तिथं नव्हते. आत यंत्र वाजत होतं आणि हा बाहेर एकटा बसून चौघांचा चहा ढवळत होता, आणि संध्याकाळी तोंड हसरं करून माझ्यासाठी शेवंती घेऊन येत होता. मला सांगितलं असतं तर मी काय त्याला खाल्लं असतं?

रसेलने सुई उचलली. “चला, पुठ्ठे.”

सगळ्यांचे पुठ्ठे चित्र वर करून पडले. मी ग्लास उचलला आणि माझा पुठ्ठा पालथा घातला.

“मिसेस पार्जेटर,” रसेल गोंधळला, “तुमचा उलटा पडलाय. तुम्हाला स्लॅग हिल म्हणायचंय ना? या दुसऱ्यात तर ते वाजवतच नाहीत.”

“वाजवतोय की,” मी म्हटलं. “पुन्हा लाव ते शेवटचं.”

त्याने लावलं. नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. काठावर टक, टक झालं, आणि या वेळी मी ओ दिली.