दुधाचा धागा

मी ग्लास बोलतोय. काचेचा, सरळ अंगाचा, तळाला जरा जाड. कुणाच्या लग्नात आहेर म्हणून मिरवावं, काचेच्या कपाटात बसावं, असलं काही माझ्या नशिबात नव्हतं. धुण्याच्या पावडरीच्या मोठ्या पुड्याला चिकटपट्टीनं मला बांधलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'मोफत'. ज्याचा जन्म धुण्याच्या पावडरीबरोबर झाला, त्याचीच पुढं नीट न धुतल्यामुळं बदनामी झाली. आता हसायचं की रडायचं ते तुम्हीच ठरवा.

तो पुडा घेतला मावशींनी. मावशी पिकांच्या रोगनिदान केंद्रात कामाला. झाडलोट, भांडी, नमुन्यांच्या पिशव्या लावून ठेवणं, सगळं त्यांच्याकडे. घरी आधीच ग्लास उदंड, म्हणून मला त्या कामावर घेऊन आल्या. अशा रीतीनं कसलीही परीक्षा न देता मी नोकरीला लागलो.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत एक मोरी, एक लांब टेबल, कापडी टोपडं घातलेला सूक्ष्मदर्शक आणि भिंतीवर रोगट पानांचे फोटो. बाहेरच्या खोलीत बाक. त्या बाकावर लोक मांडीवर पिशव्या घेऊन बसत आणि पिशवीत आजारी पानं, सडकी मुळं, डागाळलेल्या शेंगा. माणसांच्या दवाखान्यात निदान रोगी तरी स्वतः येतो. इथं रोग्याचा एक कान कापून आणत आणि विचारत, "वाचेल ना हो?"

डॉक्टर होते झाडांचे. एकतीस वर्षं पानांवरचे डाग बघून बघून त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांखाली डाग पडले होते. पण नजर पक्की! पानावर पीठ सांडल्यासारखं पांढरं दिसलं की म्हणत, "भुरी." तपकिरी डागात एकात एक गोल वलयं दिसली की, "करपा." पानामागं गंजाचे फोड आले की, "तांबेरा." पिशवी पूर्ण उघडायच्या आत निदान तयार. समोरचा माणूस तोवर "काय झालं, मागच्या आठवड्यात ना..." इथवरच पोचलेला असे. काय फवारलं म्हणून विचारलं तर हमखास उत्तर यायचं, "नाव नाही आठवत, निळी बाटली होती."

डॉक्टरांचं घोडं अडायचं ते एका रोगाशी, मर. उभं झाड मान टाकतं आणि जातं. हे करणारे चोर दोन. एक बुरशी, दुसरे जिवाणू. दोघंही मुळातून शिरतात आणि खोडातल्या पाण्याच्या वाटा बंद करतात. बाहेरून दोघांची करणी जवळजवळ सारखी, पण उपाय मात्र वेगळे. बुरशी असेल तर आजारी झाडं काढून बाकीचं शेत वाचवता येतं. जिवाणू असतील तर, डॉक्टरांच्या शब्दांत, "सगळं उपटा आणि तीन-चार वर्षं तिथं वांगं, टोमॅटो, मिरची नाव काढू नका."

आणि हा निवाडा करायचो मी. माझ्यात स्वच्छ पाणी भरायचं, मेलेल्या झाडाच्या खोडाचा ताजा तुकडा कापून त्याचं टोक पाण्यात सोडायचं आणि थांबायचं. जिवाणू असले तर कापातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरतो. बुरशी असली तर पाणी जसंच्या तसं. लाखाच्या सूक्ष्मदर्शकानं टोपडं घालून झोपावं आणि फुकटच्या ग्लासानं न्याय करावा, असा आमचा कारभार. मी जरा चढून गेलो होतो, हे कबूल करतो.

आता दुधाचं सांगतो. डॉक्टरांना पित्ताचा त्रास. सकाळी अकराला ते थंड दूध पीत, तेही सायीसकट. त्यासाठी दुसरा एक ग्लास होता, फुगीर पोटाचा. घोटाळा होऊ नये म्हणून मावशींनी माझ्या बुडाला नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता. लाल ठिपका तपासणीचा, बिनठिपक्याचा दुधाचा. साधा नियम. पण टेबलावर घासून घासून माझा ठिपका कधीच उडाला होता. ते मला ठाऊक होतं आणि मावशींना. मावशी मला नुसत्या हाताच्या अंदाजानं ओळखत.

एक दिवस मावशींची दाढ सुजली आणि त्या दात काढायला गेल्या. डॉक्टर एकटे. फुगीर पोटाचा ग्लास मोरीत खरकटा पडला होता. डॉक्टरांनी तो धुवावा? छे! त्यांनी मला उचललं, माझ्यात दूध ओतलं, प्याले, पाण्याचा एक शिंतोडा मारला आणि मला पालथं घातलं. माझ्या काठाच्या आत सायीचा एक पापुद्रा तसाच चिकटून राहिला. ओरडून सांगावं तर तोंड आहे, पण जीभ नाही.

दुपारी एक बाई आली. पायांना ओला चिखल, हातात वांग्याचं मुळासकट उपटलेलं झाड. बाकावर न बसता सरळ आत आली.

"साहेब, बारा ओळी आहेत माझ्या. बांधाकडच्या दोन ओळींत झाडं माना टाकायला लागलीत. सासऱ्यांनी हा एक हंगाम दिलाय मला. पीक उभं राहिलं तर तुकडा माझ्याकडे राहील. नाही तर दीर तिथं गाड्यांची शेड घालणार. दगडसुद्धा आणून टाकलेत त्यांनी."

डॉक्टरांनी खोड कापलं, मला पाण्यानं काठोकाठ भरलं आणि तुकडा आत टेकवला. टेकवला तो नेमका सायीच्या पापुद्र्यावर. दोन मिनिटांत पापुद्रा भिजला, सुटला आणि खोडाच्या कडेकडेनं पांढरी रेघ खाली सरकू लागली. कापातून नव्हे हो, माझ्या काठावरून! पण डॉक्टर वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हा बघा धागा. जिवाणू."

"पण साहेब," बाई म्हणाली, "झाडं एकदम नाही गेली. आधी खालची पानं पिवळी पडतात, तीही एकाच बाजूची. मग हळूहळू..."

इथं मी जीव मुठीत धरला. कारण ती बुरशीच सांगत होती. जिवाणूंनी मारलेलं झाड हिरवंगार असतानाच लोळतं. बुरशी रेंगाळत, पान पान पिवळं करत मारते. हे डॉक्टरच तर रोज सांगायचे! खोड उभं चिरून बघायचं होतं फक्त. पण समोर धागा दिसत होता ना.

"ताई, एकतीस वर्षं बघतोय मी. धागा खोटं बोलत नाही. सगळं उपटा. उद्याच. उशीर कराल तर पाण्याबरोबर शेजाऱ्यांच्याही रानात जाईल."

बाई माझ्यातल्या पांढऱ्या रेघेकडे बघत राहिली. एखाद्यानं तोंडावर शिवी द्यावी आणि आपल्याला उलटून बोलता येऊ नये, तसं बघत होती. मग तिनं झाड उचललं आणि निघून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि दोर होता माझ्या काठाचा. त्या दिवशी मला फुटून जावंसं वाटलं. पण टेबलाची कडा लांब होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. एक गाल टम्म फुगलेला. अर्ध्या तोंडानंच त्या बोलत होत्या, पण अर्ध्या नाकानं वास घेत नव्हत्या. मला उचललं, नाकाशी नेलं आणि थबकल्या. आंबलेलं दूध. मग टेबलावरची नोंदवही उघडली. 'वांगी. मर. धागा स्पष्ट. जिवाणू.'

"साहेब, काल दूध कशात प्यालात?"

"ग्लासात."

"कुठल्या?"

"मावशी, मला कामं आहेत."

मावशी शाळेत फार शिकल्या नव्हत्या, पण डॉक्टरांना नीट वाचायला शिकल्या होत्या. एकदम 'तुम्ही चुकलात' म्हटलं की हा माणूस दार लावून घेतो, हे त्यांना पक्कं माहीत. त्यांनी वाद घातला नाही. अकराला डॉक्टरांना माझ्यातच दूध दिलं, भरपूर साय घालून. ग्लास रिकामा झाल्यावर न धुता पाणी भरलं. कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी मोडली, तिच्यावर ओला कागद गुंडाळला, नमुने गुंडाळतात तसा, आणि टोक पाण्यात सोडून काडी सायीवर टेकवली.

"साहेब, सकाळी एक नमुना आलाय. बघता का?"

डॉक्टर आले, वाकले. पाण्याच्या वर काय आहे ते बघायची त्यांना सवयच नव्हती. पांढरी रेघ उतरताना दिसली मात्र, "जिवाणू. उपटून टाकायला सांगा."

"कसं उपटणार? परवाच विकत आणलाय."

"काय?"

मावशींनी कागद सोडला. "खराटा."

मी खूप माणसांचे चेहरे आरपार बघितलेत, पण तसा चेहरा पुन्हा बघितला नाही. आधी लाल, मग पांढरा, मग सुजलेल्या गालाच्या मावशींपेक्षाही दुखरा. डॉक्टरांनी नोंदवहीतला नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. माती उपसणाऱ्या हातांनी फोन कोण उचलणार? त्यांनी मला स्वतः धुतलं. होय, स्वतः! पावडर लावून तीनदा. मग मला रुमालात गुंडाळून पिशवीत घातलं आणि स्कूटर काढली. मावशी मागं बसल्या.

पोचलो तेव्हा चार ओळी आडव्या झाल्या होत्या. बाईनं सुरुवात केली होती पलीकडच्या टोकापासून, चांगल्या झाडांपासून. "आजारी झाडांना हात लावायचा धीर होईना," ती म्हणाली, "म्हटलं आधी धडधाकट संपवावीत, मग मन मरतं." फुलं आलेली झाडं मुळं वर करून पडली होती. बांधावर दिराचे दगड होते, आणि एका दगडावर दीर स्वतः बसला होता.

डॉक्टर सरळ बांधाकडच्या ओळीत गेले. मेलेलं झाड उपटलं, खोड कापलं, माझ्यात पाणी भरलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाणी नितळ. आयुष्यात इतका नितळ मी कधीच नव्हतो. मग त्यांनी खोड उभं चिरलं. आत तपकिरी रेघ, खालपासून वरपर्यंत.

"बुरशी आहे," ते म्हणाले. "या दोन ओळींतली आजारी झाडं काढा, जाळा. इथलं पाणी पुढं जाऊ देऊ नका. बाकीच्यांच्या मुळांशी मित्रबुरशी घालू. ती या बुरशीला पुरून उरते. उरलेलं वाचेल."

"म्हणजे काल..." बाई म्हणाली.

आता माझ्यावर येणार, हे मी ओळखलं. ग्लास खराब होता, मावशी सुट्टीवर होत्या, ठिपका उडाला होता. माणसांची चूक नेहमी जवळच्या भांड्यात सापडते.

"काल मी दूध प्यालो आणि ग्लास धुतला नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही पिवळ्या पानांचं सांगत होतात ते बरोबर होतं. मी ऐकलं नाही."

बाईनं हातातलं झाड खाली टाकलं. "माझ्या चार ओळी गेल्या, साहेब. तुमच्या घोटभर दुधापायी." आवाज चढला नव्हता, तरी मावशींनी मान खाली घातली.

तेवढ्यात दीर दगडावरून उठला. "ओळी गेल्या त्या गेल्याच ना? दादा बघतीलच." दादा म्हणजे सासरे.

ते संध्याकाळी आले, तोवर डॉक्टर तिथंच थांबून होते. काठी टेकत आडव्या झाडांपाशी उभे राहिले. "सूनबाई, हे काय?"

ती तोंड उघडणार, तर डॉक्टरच पुढं झाले. "त्या चार ओळी बुरशीनं नाही मारल्या. मी मारल्या. तुमच्या सुनेला रोग कळला होता, मला कळला नाही. हवं तर लिहून देतो."

म्हाताऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लिहून कशाला? लावून द्या."

"वांगं नको लगेच त्या जागी. कांद्याची रोपं चालतील."

"मग कांदा. पण तुम्ही. स्वतः." मग दिराकडे वळून म्हणाले, "आणि तू ते दगड उचल. हंगाम संपायचाय अजून."

पुढचे तीन रविवार डॉक्टर इस्त्रीच्या पँटीत गुडघ्यावर बसून रोपं लावत होते. एक रोप, एक हाय हाय. मावशी बांधावरून सूचना देत होत्या, "वाकडं गेलं, साहेब." वांग्याच्या सहा ओळी ठणठणीत उभ्या राहिल्या, बांधाकडच्या दोन निम्म्या. कांदाही आला. तुकडा बाईकडेच राहिला आणि दगडांची तिनं खोपीला पायरी केली.

मी केंद्रात परत गेलो नाही. "हा ग्लास इथं ठेवा," बाई म्हणाली होती, "तिकडं याची संगत वाईट आहे." आता मी तिच्या खोपीत, माठावर पालथा असतो. आजूबाजूचे लोक मेलेलं झाड घेऊन तिच्याकडेच येतात. ती आधी विचारते, पानं पिवळी कुठून पडली, एका बाजूनं की दोन्ही, किती दिवसांत. सगळं ऐकून घेते. मग मला घासते. मग खोड कापते. माझ्या काठाला आता एक टवका आहे, ओठ कापेल म्हणून माझ्यातून कुणाला प्यायला देत नाहीत. मला त्याचं दुःख नाही. दूध गेलं, हे भाग्यच. तुम्हाला एवढंच सांगतो, माझ्यात बघण्याआधी रोप घेऊन आलेल्या माणसाकडे बघा. तो काय बोलतोय ते ऐका. मी काय, काच आहे. माझ्यात जे टाकाल ते दिसेल.

डॉक्टर निवृत्त झाले. अधूनमधून येतात, कांद्याच्या जागेवर आता काय आहे ते बघतात. मागच्या आठवड्यात उन्हातून आले, घशाला कोरड पडलेली. दुसरा ग्लास सापडेना म्हणून बाईनं माझ्यातच पाणी दिलं, टवका पलीकडे करून. डॉक्टरांनी मला तोंडाला लावलं नाही. वर धरलं, उन्हाकडे, आणि एक डोळा मिटून आतून बाहेरून काठ तपासत राहिले. दुधानं तोंड पोळलेला माणूस पाणीसुद्धा फुंकून पितो.

बाई हसली. म्हणाली, "प्या हो साहेब. मी धुतलाय."

ते गटागटा प्याले. आणि मग, देवाशपथ सांगतो, मोरीपाशी गेले, बाही वर सारली आणि मला घासायला बसले.